धाकटीच्या कमरेची पिशवी

आमची धाकटी सिनेमात आहे म्हटलं की लोक आधी तिचा चेहरा आठवून बघतात आणि मग माझ्याकडे संशयानं पाहतात. मग मला खुलासा करावा लागतो. ती पडद्यावर दिसत नाही. पडद्यावर जे दिसतं ते स्पष्ट दिसावं, हे तिचं काम. ती कॅमेऱ्याची असिस्टंट आहे. नट दोन पावलं पुढे आला की भिंगावरचं कडं बरोबर तेवढंच फिरवायचं. जरा इकडचं तिकडे झालं तर नाक स्पष्ट येतं आणि डोळे धुरकट. याला फोकस सांभाळणं म्हणतात. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेताही मी हे सांगू शकतो, आणि सांगतोच. हिची आई म्हणते, माणसं तुमच्याकडे कपडे शिवायला येतात, प्रवचन ऐकायला नाही.

मी शिंपी. दुकान माझ्या बापाचं, मशीन मात्र मी घेतलेलं. धाकटीचा हात शिलाईत चांगला होता, म्हणून ती दुकान सोडून या धंद्यात गेली तेव्हा मी बरेच दिवस तिच्याशी धड बोललो नाही. राग माझ्या नाकावरच असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा तिची कामाची बॅग उघडी दिसली म्हणून डोकावलो, तर आत मोजायची टेप, खडू, कात्री आणि रंगीत चिकटपट्ट्यांची रिळं.

"अगं, मग दुकानात काय वाईट होतं?" मी म्हटलं. "हेच सगळं आपल्या टेबलावर पडलेलं असतं."

"तुमचं गिऱ्हाईक माप देताना गप्प उभं राहतं, बाबा. माझं चालतं, वळतं, मध्येच रडतं."

मग तिनं एकेक वस्तू काढून दाखवली. धूळ उडवायचा रबरी फुगा, कारण भिंगावर तोंडानं फुंकर मारली तर थुंकी उडते. पुसायचं मऊ फडकं, ज्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला चालत नाही. केसाएवढी घाण शोधायला टॉर्च. रंगीत पट्ट्या जमिनीवर लावायला, म्हणजे कुठल्या नटानं कुठे थांबायचं ते कळतं, प्रत्येकाचा रंग वेगळा. ऐकता ऐकता माझा राग कधी उतरला ते कळलंच नाही. एवढ्या निगुतीनं हत्यारं ठेवणारी पोर वाया गेली असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

कमरेला बांधायची तिची पिशवी मात्र भिकार होती. विकतची, शिवण उसवलेली, आणि उघडताना चर्रर्र आवाज करणारी. सेटवर बोलणं चालू असताना तो आवाज रेकॉर्ड होतो म्हणे. मी तिला नवी शिवून दिली. झाकणाला नुसती घडी ठेवली, बोट सरकवलं की मुकाट्यानं उघडते. टेपचा कप्पा उजवीकडे, कारण तिचा डावा हात कड्यावरून हलत नाही. कापड तपकिरी, लोकरी, जाडजूड. ते कापड कुठलं, हे तेव्हा मी तिला सांगितलं नाही.

ते होतं कोटाचं. धाकटी ज्या सिनेमावर होती, त्याच्याच कपडेपटाच्या बाईंनी माझ्याकडून एक जुन्या धर्तीचा कोट शिवून घेतला होता. कापड त्यांनी कुठल्याशा जुन्या दुकानातून पैदा केलेलं, तुकडा शेवटचा. शिंप्याकडे कापड उरत नाही असं आम्ही म्हणतो. उरतं. कुठे जातं ते शिंप्याला विचारू नये.

त्या सिनेमात धाकटीला पहिल्यांदाच फोकस मिळाला होता. एरवी ती शॉट सुरू होताना कॅमेऱ्यापुढे नंबराची पाटी धरायची आणि भिंगं आणून द्यायची. नेहमीचा माणूस दुसऱ्या कामावर गेला, म्हणून कॅमेरामननं तिला उभं केलं आणि स्वच्छ सांगितलं, जमलं तर पुढेही तूच, नाही तर पुन्हा पाटी. घरी ती याबद्दल बोलायची नाही, पण जेवताना समोरच्या पाण्याच्या भांड्याचं अंतर मनात मोजत बसायची.

तो कोटाचा प्रसंग होता त्या दिवशी मला बोलावणं आलं. सिनेमातल्या म्हाताऱ्या बाईचा नवरा गेलेला आहे, त्याच्या कोटाचा एक खिसा त्यानं कायमचा शिवून टाकलेला. ती तो खिसा कात्रीनं मधोमध कापते आणि आतून किल्ली काढते. खिसा बंद करायची ती शिवण मी तिथेच घालून दिली. मी शिवलेली वस्तू माझ्या डोळ्यांदेखत कापणार, म्हणून माझं डोकं आधीच तापलं होतं.

तालीम साध्या सुती चिंधीवर झाली. मग सगळे गप्प झाले आणि कॅमेरा सुरू झाला. नटीबाईंनी कोट मांडीवर घेतला, कात्री चालवली, किल्ली काढली आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू. दिग्दर्शकानं 'कट' म्हटल्याबरोबर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. धाकटीनं वाजवल्या नाहीत.

"फोकस गेला," ती म्हणाली. "बाई पुढे वाकल्या तेव्हा डोळे धुरकट झाले. माझं चुकलं."

टाळ्या जागच्या जागी विरल्या. या धंद्यात असा रिवाज आहे, की फोकस गेला की तो सांभाळणाऱ्यानं कुणी विचारायच्या आत सांगायचं. सेटवरच्या छोट्या पडद्यावर ते पटकन कळत नाही, थिएटरातल्या मोठ्यावर लपत नाही. पण रिवाज असणं वेगळं आणि पहिल्याच सिनेमात भरल्या खोलीत तो पाळणं वेगळं. गेली पोर पाटीवर, असं मनात आलं. कॅमेरामननं चित्र पुन्हा लावून पाहिलं आणि ती म्हणते ते खरं, अशी नुसती मान हलवली.

"पुन्हा घ्यायचं कसं?" कपडेपटाच्या बाई म्हणाल्या. "खिसा फाटलाय. अंगाचं कापड शाबूत आहे, पण नवा खिसा करायला चिंधीसुद्धा नाही."

चोराच्या मनात चांदणं. माझी नजर आपोआप धाकटीच्या कमरेकडे गेली आणि तिची माझ्या नजरेमागे. तिनं एकदा कोट पाहिला, एकदा पिशवी पाहिली. मग कमरेचा पट्टा सोडला, टेप, खडू, टॉर्च, फडकं सगळं एका पेटीवर ओतलं आणि रिकामी पिशवी माझ्या हातात दिली.

"उसवा, बाबा."

कपडेपटाच्या बाईंनी भुवया उंचावल्या. "कापड उरलं नव्हतं ना?"

"एवढंच उरलं होतं," मी म्हटलं.

खिडकीतलं ऊन उतरायच्या आत काम हवं होतं. मी कपडेपटाच्या खोलीत बसून माझीच शिवण उसवायला लागलो. धाकटी शेजारी येऊन उभी राहिली.

"कुणाच्या लक्षात आलं नसतं गं," मी हळूच म्हटलं.

"वाकडी बाही लागलेला कोट तुम्ही कधी गिऱ्हाइकाला दिलात?"

मी दोरा दातांनी तोडला आणि विचारलं, "पण चुकलं कुठे?"

"चिंधीवर कात्री सरसर गेली होती. खऱ्या खिशाला जोर लागला, म्हणून त्या जास्त वाकल्या. माझं माप चिंधीचं होतं."

आता तो खिसा मी आतून दुहेरी कॅनव्हास, म्हणजे कडक अस्तर, लावून शिवला होता. कुणी सांगितलं नव्हतं, माझी हौस. म्हणजे पोरीचा फोकस घालवणारा मीच, आणि ती भरल्या खोलीत म्हणाली, माझं चुकलं. बापाचं नाव तिनं तोंडातून काढलं नाही. मी कॅनव्हास बाजूला ठेवायला लागलो, तर तिनं माझा हात धरला.

"राहू द्या. जोर लावताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, तेच तर हवंय. मला फक्त माप पाहिजे."

कोट तयार झाल्यावर तिनं मला नटीबाईंच्या खुर्चीवर बसवलं, पिशवीच्या उरलेल्या तुकड्याखाली कॅनव्हास घालून मांडीवर ठेवला आणि कापायला सांगितलं. मी वाकलो. तिची टेप कॅमेऱ्यापासून निघून माझ्या डोळ्याच्या कोपऱ्याशी येऊन थांबली.

"डोळे मिटू नका, बाबा."

सबंध जन्म मी लोकांची मापं घेतली. माझं माप असं कुणी घेतलं नव्हतं. तिनं भिंगाजवळच्या पट्टीवर एक बारीक खूण केली आणि म्हणाली, "झालं. उठा."

दुसऱ्या वेळी मी कोटाकडे पाहिलंच नाही. मी तिची बोटं पाहत होतो. नटीबाई वाकल्या तशी ती बोटं फिरली, घाई नाही, थरथर नाही, चांगला कारागीर कापड मशीनखाली सरकवतो तशी. 'कट' झालं. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दिग्दर्शक, कॅमेरामन, डोळे पुसणाऱ्या नटीबाई, सगळे धाकटीकडे वळले आणि थांबले.

"आला," ती म्हणाली.

मग टाळ्या पडल्या. कॅमेरामननं टाळी वाजवली नाही, तो फक्त म्हणाला, "पुढच्या सिनेमाची भिंगं तूच तपासून घे." भिंगं तपासून घेतो तो फोकस सांभाळणाराच, म्हणजे पाटी सुटली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेजारी उभ्या असलेल्या, ओळख ना पाळख अशा दिवेवाल्याला मी सांगून टाकलं, की ती माझी मुलगी. तो म्हणाला, "कळलं होतं. तुम्ही मघापासून श्वास धरून उभे आहात."

घरी येताना तिची सगळी हत्यारं पँटच्या खिशांत होती आणि चालताना वाजत होती. कपडेपटाच्या बाईंनी दोन्ही कापलेले खिसे माझ्या हातात ठेवले होते. म्हणाल्या, "आता हे खरंच उरलंय."

त्यांचीच मी तिला नवी पिशवी शिवली. ज्या पहिल्या खिशावर फोकस गेला, तो पुढे, झाकणाला लावला. जोड दिसू नये अशी शिवण मला येते, त्यासाठीच लोक माझ्याकडे येतात. पण त्या कापावर मी पांढरा जाड दोरा घातला, लांबून दिसेल असा. धाकटी तीच पिशवी बांधून कामावर जाते. दुकानात कुणी म्हटलं, "मास्तर, पोरीच्या पिशवीची शिवण जरा ओबडधोबड झालीय," की मी हातातलं काम खाली ठेवतो आणि पहिल्यापासून सांगायला बसतो.