नवरदेवाच्या गाडीत डिझेल होतं

बुधवार, पोळा होऊन गेल्यानंतरचा. स्थळ: वाशीमचा जिल्हा ग्राहक आयोग. हजर: मी, हे, म्हणजे माझे यजमान, सासूबाई, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं, शोरूमचे वकील, कंपनीचे वकील. गैरहजर: मेडशीचे दादा, ज्यांची सर्वांत जास्त गरज होती, आणि गाडी. गाडी त्या सकाळी गावाबाहेर पडतानाच बंद पडली, म्हणून आम्ही आसेगावहून एसटीनं आलो.

गाडी घेतली ती सासूबाईंसाठी. त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला वाशीमला न्यावं लागतं. जाताना एसटी चालते, पण येताना त्यांच्या अंगात त्राण नसतं, आणि बसमध्ये जागा मिळेलच असं नाही. जुनी गाडी स्वस्तात मिळत होती. मी म्हटलं, नको, नवीच घेऊ. आपल्याला गाडी मिरवायची नाही, फक्त ती रस्त्यात थांबायला नको.

ती रस्त्यातच थांबायला लागली. इंजिन तापलं की एकदम बंद. स्टिअरिंग जड होतं, समोरचे दिवे विझतात आणि गाडी जिथे असेल तिथे उभी राहते. थोडी निवली की काही झालंच नाही अशी सुरू होते. वर्कशॉपमध्ये ओढून नेईपर्यंत ती निवलेली असायची. तिथला सुपरवायझर आवारात एक चक्कर मारायचा आणि किल्ली हातात द्यायचा. "मॅडम, गाडी ओके आहे."

"माह्या उलट हाये ते," सासूबाई म्हणाल्या. "मी दवाखान्यात गेली की जास्त बिमार होतो, हे गाडी दवाखान्यात गेली की बरी होते."

एकदा डायलिसिसहून परतताना भर उन्हात ती बंद पडली. सासूबाई हाताच्या पट्टीवर दुसरा हात दाबून बाभळीखाली बसल्या. तक्रार केली नाही, पाणीही मागितलं नाही, कारण पाणी त्यांना मोजून मिळतं. त्या दिवसापासून मी वर्कशॉपला विनंती करणं थांबवलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. कोणत्या कामाला कोणता कागद लागतो हे शोधून काढायची मला सवय आहे. सदोष नव्या गाडीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदाच वापरायचा. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, शोरूमच्या गावी जावं लागत नाही. दोन वर्षांच्या आत करायची. वकील केलाच पाहिजे असं नाही. विकणारा आणि बनवणारा, दोघांनाही पक्षकार करायचं, नाही तर ते एकमेकांकडे बोट दाखवतात. दुरुस्ती मागता येते, गाडी बदलून मागता येते, किंमत परत मागता येते. मी गाडी बदलून मागितली. वर्कशॉपच्या प्रत्येक फेरीचा कागद लावला, फोनवरचं बोलणं प्रत्येक वेळी ईमेलनं लेखी करून घेतलं होतं, तेही लावलं. मला वाटलं, आता कुठे फट राहिली नाही.

शोरूमनं लेखी जबाबासोबत एक पेनड्राइव्ह दिला. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला एका लग्नाचा व्हिडिओ होता.

आमच्याकडे भाऊबंदात नवी गाडी आली की त्या हंगामातले नवरदेव तिच्यात बसतात. मागायचं नसतं, द्यायची असते. यांचे मोठे मावसभाऊ मेडशीला राहतात, नात्यानं माझे भासरे, म्हणजे थोरले दीर. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. त्यांच्या मुलाचं लग्न धनजच्या मुलीशी ठरलं, आणि नवरदेवाची गाडी अर्थातच आमची. दादांनी निघताना टाकी फुल केली, गाडीला झेंडूच्या माळा लावल्या, हे चालवणार म्हणून यांना टॉवेल-टोपी दिली.

धनजच्या वेशीवर बँडपुढे गाडी बंद पडली. नवरदेवाला बाशिंगासह खाली उतरू द्यायला कोणी तयार नव्हतं. मारुतीच्या पाया पडल्याशिवाय त्यानं जमिनीवर पाय ठेवायचा नाही, असं त्यांच्या घरात आहे. मग वऱ्हाडानं गाडी ढकलली. बँडवाल्यांनी चाल बदलून संथ गाणं घेतलं. मुलीकडच्या बाया गच्चीवरून ओरडत होत्या, "अवं पाहा वं, जवाई ढकलगाडीत आला!" आणि मुलीच्या बापानं खिडकीत वाकून यांना विचारलं, "काय झालं पाव्हनं?"

व्हिडिओत हे स्पष्ट दिसतात. डोक्यावर टोपी, गळ्यात टॉवेल, चेहरा घामानं निथळलेला. म्हणतात, "काही नाही, डिझेल संपलं."

नव्या गाडीला चारचौघांत खराब म्हणायला त्यांची जीभ वळली नाही. त्यात ही कंपनी त्यांनीच पसंत केली होती.

आयोगापुढे शोरूमच्या वकिलांनी तो व्हिडिओ दोन कामांसाठी वापरला. एक: गाडी लग्नाला भाड्यानं दिली होती, मोबदला म्हणून टाकीभर डिझेल आणि टॉवेल-टोपी घेतली, म्हणजे वापर व्यापारी, म्हणजे आम्ही कायद्यानं ग्राहकच नाही. दोन: गाडी बंद पडण्याचं कारण मालकानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं आहे.

"वकीलसाहेब," आयोगाच्या सदस्य बाईंनी विचारलं, "टॉवेल-टोपीचं भाडं मोजायचं कसं? वारावर की मीटरवर?"

खोलीतले सगळे हसले. वकीलही हसले. मी हसले नाही, कारण मला दुसरा मुद्दा दिसत होता. आणि शिवाय वकिलांचे दोन मुद्दे एकमेकांना खात होते.

"मोबदला म्हणून टाकीभर डिझेल घेतलं असं वकीलसाहेबच म्हणतात," मी म्हणाले, "आणि मेडशी ते धनजमध्ये ते संपलं असंही वकीलसाहेबच म्हणतात. टाकी भरलेली होती. गाडी आपोआप बंद पडते, तीच आमची तक्रार आहे."

"मग तुमचे यजमान डिझेल संपलं का म्हणाले?" वकिलांनी विचारलं.

यांनी उत्तर द्यायच्या आत मागच्या बाकावरून सासूबाई उठल्या. "साहेब, खोटं बोलला तो. लहानपणापासून लाजरा हाये. म्या नाही शिकवलं त्याले."

त्यांना बसवण्यात आलं. सदस्य बाईंनी मला विचारलं, डिझेलची पावती आहे का. नव्हती, दादांनी पंपावर रोख दिले आणि पावती घेतली नाही. मग ज्यांनी डिझेल भरलं त्यांचं शपथपत्र पुढच्या तारखेला द्या, असं त्यांनी सांगितलं: टाकी भरली होती, आणि भाडं दिलं नव्हतं. ते आलं की गाडीची तज्ज्ञाकडून तपासणी करण्याचा आमचा अर्ज त्या विचारात घेतील.

दोन ओळींचं शपथपत्र. पण दादा लग्नापासून आमच्याशी बोलत नव्हते, हे आयोगाला सांगून उपयोग नव्हता.

रविवारी आम्ही तिघं मेडशीला गेलो. दादा अंगणात हरभऱ्याच्या बियाण्याची पोती हलवत होते. त्यांनी सासूबाईंना पाट दिला, "मावशी, बस" म्हणाले, मला चहा ठेवायला लावला. यांच्याकडे पाहिलं नाही. मी कागद पुढे केला आणि काय लागतं ते सांगितलं.

"टाकी फुल केली होती ना तुम्ही?" मी विचारलं.

"म्या सोता उभा राहून केली. काटा पाह्यला." ते पहिल्यांदा यांच्याकडे वळले. "अन् यानं साऱ्या धनजसमोर सांगतलं का डिझेल संपलं. इवाई, सुनेचा बाप, मले काय म्हणला माहीत हाये? म्हणे, पाव्हनं, आमाले सांगतलं असतं तं आमीच डिझेल टाकलं असतं. पोराच्या लग्नात मी कंजूस ठरलो! आजही सून माहेरी गेली का तिचे भाऊ इचारतात, सासऱ्यानं डिझेलचे पैसे देल्ले का वं?"

"दादा, चुकलं," हे म्हणाले.

"मले कायले सांगून राह्यला? मले माहीतच हाये डिझेल होतं."

सासूबाई म्हणाल्या, "सही कर ना बापा. माह्या दवाखान्याचं काम हाये."

"मावशी, तुह्यासाठी मी अंगठाही देईन. पण पहिले यानं धनजले जावं. इवायाच्या वसरीत बसून सांगावं का टाकी भरेल होती, गाडीच खराब हाये. चार माणसं असतील तवा. मग मी सही करतो, त्याच दिवशी."

चहा झाला. कागद तिथेच ठेवू का, मी विचारलं. "घेऊन जा," ते म्हणाले. "इथं ठेवला तं मले दया येईन."

परतीच्या एसटीत मी यांना सरळ विचारलं, कधी जाताय. म्हणाले, सोयाबीन निघू दे. मला ते कारण समजतं. शेतात मळणी यंत्राची वेळ मिळाली की घरातलं दुसरं काही सुचत नाही. पण ते खरं कारण नाही. ज्यांच्या दारात ढकलत गेलो त्यांच्या ओसरीत बसून यांना, खोटं बोललो होतो, आणि दीड तास जेवणावळीतही तेच सांगत राहिलो होतो, हे सांगायचं आहे.

सासूबाई पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "साऱ्या गावानं ढकलताना पाह्यलं रे बावा. आता लाजाले काय राह्यलं?" मग त्यांनी स्वतः धनजला जायची तयारी दाखवली. दादांना ते चालणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

सध्या त्यांना डायलिसिसला मी रजा टाकून एसटीनं नेते. येताना कंडक्टर ओळखीचे असले तर पुढची सीट सोडवून देतात; नसले तर मी उभी राहते आणि त्या माझ्या पिशवीला धरून उभ्या राहतात. आमची गाडी ताडपत्रीखाली आहे. तपासणी होईपर्यंत तिच्या इंजिनाला बाहेरच्या मेकॅनिकचा हात लागू द्यायचा नाही, एवढं मी घरात सगळ्यांना बजावलं आहे.

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. शपथपत्र टाइप होऊन तयार आहे, तपासणीचा अर्जही दाखल आहे. आमच्या शेतातलं सोयाबीन परवा निघालं. हे अजून धनजला गेलेले नाहीत.