तिच्या हाताची चव

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. यजमानांना ठाऊक नाही, मुलाला नाही. बहिणीला एकदा सांगायला बसले होते, तर मध्येच लोणच्याच्या मसाल्यावर गेले आणि तिथेच रमले. एरवी बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. पण हे सांगायचं म्हटलं की — जाऊ दे, तुम्हाला सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. यजमान फौजेत, मुलगा शिकायला सांगलीला, आणि साताऱ्याच्या घरात मी एकटी. एकटीसाठी स्वयंपाक तो काय करायचा? गावात एक आधारगृह होतं — नवऱ्यानं मारलेल्या, घरातून काढलेल्या बायकांसाठी. तिथे एक पगारी स्वयंपाकीण होती; दुपारी तिच्या जोडीला स्वयंपाक करायला मी जाऊ लागले. पगार नाही, नुसती हौस. खोटं कशाला बोलू, कौतुकाचीही हौस होती. शेजारणी म्हणायच्या, तुमचं मन मोठं हो! ते ऐकायला मला फार गोड लागायचं.

कमल तिथे आली ती पाटणकडच्या एका खेड्यातून. नवऱ्यानं तिचा डावा हात पिरगाळून मोडला होता, आणि तो नीट जुळलाही नव्हता. लहानगी मुलगी माहेरी ठेवून आली होती. पहिल्याच दिवशी मी तिला आडनाव विचारलं. आपण विचारतोच ना? अगदी सहज, पीठ मळता मळता. तिनं आडनाव सांगितलं, आपण बौद्ध आहोत हेही सांगितलं, सरळ माझ्याकडे बघून. मी म्हटलं, असू दे गं, इथे सगळ्या सारख्याच. आणि तिला भाजी निवडायला बसवलं. चुलीपासून लांब. तिचा हात दुखतो ना, म्हणून — असं मी सगळ्यांना सांगायची.

पण त्या हातानंही ती माझ्याहून भराभर भाकरी थापायची. मी गेले नाही की माझ्या वाटचं तीच रांधायची, आणि दुसऱ्या दिवशी बायका मला ऐकवायच्या, काल चार घास जास्तच गेले. पुढे मी असतानाही ती चुलीशी येऊ लागली. नको म्हणायला माझ्याकडे कारण उरलं नव्हतं. ती माझंही ताट वाढायची. आणि मग मला उपवास असायचा. सोमवार असो, गुरुवार असो, काही नसो — मला उपवास. घरी येऊन मी पिठलं-भात खायची, वर तूप घेऊन.

एकदा तिनं काय केलं — माझा उपवास म्हणून भगर आणि दाण्याची आमटी केली, डब्यात भरून माझ्या हातात दिली. "आवं ताई, किती उपाशी ऱ्हाताय? ह्ये तरी खावा." मी डबा घेतला. वाटेत ओढ्याच्या पुलावर उघडला. छान वास आला. आणि कुणी बघत नाही एवढं पाहून मी तो ओढ्यात उपडा केला. दुसऱ्या दिवशी घासूनपुसून परत दिला आणि म्हटलं, फार छान झाली होती.

तुम्ही म्हणाल, त्या काळात सगळेच असं वागायचे. नव्हते वागत सगळे. तिथल्याच बाकीच्या बायका तिच्या ताटाला ताट लावून जेवत होत्या. आणि बघा — मुख्य गोष्ट मी अजून सांगितलेलीच नाही. तिच्याभोवतीच घुटमळते आहे.

आधारगृहाची पगारी स्वयंपाकीण काम सोडून चालली होती. तिच्या जागी येईल तिला मागची खोली मिळणार होती, आणि मूल जवळ ठेवता येणार होतं. कमलचा भाऊ तेव्हा तिला नवऱ्याकडे परत पाठवायच्या गोष्टी करत होता. तिच्या पोरीला आम्ही किती दिवस पोसायचं, असं त्याचं म्हणणं. ही जागा मिळाली तर तिला परत जावं लागणार नव्हतं. इतकं साधं होतं ते. ती माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, तुमी माझ्या हातचं खाल्लंय. मॅडमना तेवढंच सांगा. त्या तुमचं ऐकत्यात." मी म्हटलं, सांगते की.

अधीक्षक मॅडमनी मला बोलावून विचारलंच. कमलला घेऊ का? तुम्ही रोज बघता, स्वयंपाक कसा आहे तिचा?

आणि मी म्हटलं — तिच्या हाताला चव नाही.

जिच्या हातचा एक घास मी कधी जिभेवर ठेवला नव्हता, तिच्या हाताला चव नाही! का म्हटलं? ती तिथली स्वयंपाकीण झाली असती तर मला रोज तिच्या हातचं जेवावं लागलं असतं, नाहीतर का जेवत नाही ते सगळ्यांदेखत सांगावं लागलं असतं. रोजचे उपवास कुठून आणणार होते मी? हे कारण मी मागाहून शोधलेलं नाही. मॅडमच्या टेबलापुढे उभी असताना तेच माझ्या डोक्यात होतं, लख्ख. मॅडमनी मान हलवली आणि जागा दुसऱ्या बाईला दिली.

कमलला मी काय सांगितलं? सांगितलं की मी खूप बोलले गं तुझ्यासाठी, पण त्यांचं आधीच ठरलं होतं. तिनं विश्वास ठेवला.

थोड्याच दिवसांत भाऊ तिला न्यायला आला. पुढे तिचं काय झालं ते मी कधी कुणाला विचारलं नाही. विचारणं काही अवघड नव्हतं. भाऊ दारात उभा असताना ती पिशवी घेऊन आत आली, माझ्यापाशी. म्हणाली, "तुमी माझ्यासाठी शब्द टाकला, ताई. तेवढं बी कुणी केलं न्हाई." ती कुठल्या घरी चालली आहे ते मला माहीत होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि सासरी निघालेल्या लेकीला म्हणतात तसं म्हटलं, "जा, नीट नांद."