शेवटच्या बांधीचा चिखल

आमच्या भागात मामा भाचीच्या पाया पडतो. वयाने कितीही मोठा असो, भाची दारात आली की तो वाकतो आणि भाचीने अवघडून उभं राहायचं असतं. माझे मामाजीही वाकत, पण त्यांचं अर्धं लक्ष माझ्या पायांच्या चिखलाकडे असे. बोटांवर जरासा घेऊन ते चोळत आणि उभं राहायच्या आत विचारत, "शेवटच्या बांधीतून येऊन राहिली काय, बाई?" मी तिथूनच आलेली असे. धानाच्या सगळ्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांत, शेवटच्या बांधीची माती काळी आणि भारी चिकट. "ते ना मालकाले सोडे, ना पाव्हन्याले," असं म्हणून ते स्वतःच हसत.

अर्जुनी मोरगावच्या पुढे त्यांचं गाव. तलाव आमच्याच कोण्या पूर्वजांनी बांधलेला आणि मामाजी त्याचे पाणकर. कोणाच्या धानाला कधी पाणी द्यायचं, हे ते ठरवत. तुडूम, म्हणजे तलावाच्या पाळीतलं, मातीच्या बांधातलं पाणी सोडायचं दार, त्यांच्या शब्दाशिवाय उघडत नसे. पाणी आधी सगळ्यात लांबच्या बांधीला. त्यांची स्वतःची जमीन पाळीला लागून, म्हणून तिला सगळ्यात शेवटी. मामी चिडायची, "घरचे उपाशी आन् दूरचे जेवून राहिले!" मामाजी शांतपणे म्हणत, "आपल्याले पाळीची ओल तरी लागते ना. त्याहिले कोन पाजनार?"

"हत्ती निघू दे" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र. त्यात पाऊस येतोच, तलाव पुन्हा भरतो, मग मोकळ्या हाताने पाणी सोडायचं, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. पण माझं लग्न असो, मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन असो की छपराचे कवेलू फेरायचे असोत, सगळं हत्ती निघेपर्यंत थांबायचं. माझ्या सासरचे लोक बिचारे खरंच थांबले होते.

काही वर्षांपूर्वी रोवणी झाली आणि पावसाने तोंड फिरवलं. खालच्या बांध्यांचे लोक घरी आले. "मामाजी, धान पोटरीवर आहे. उघडा ना तुडूम."

"हत्ती निघू दे ना बाप्पा. काऊन घाई करून राहिले?"

हत्ती कोरडाच गेला. मग तुडूम उघडलं, पण गाळाने भरलेल्या तलावात पाणी ते किती असणार? शेवटच्या बांधीपर्यंत ते पोचलंच नाही. तिथल्या लोंब्या पोचट निघाल्या. पुढच्या वर्षी मामाजींनी घाबरून पाणी लवकर सोडलं. बांध्या तुडुंब भरल्या आणि त्यावर असा पाऊस कोसळला की बांध फुटले, उभं धान आडवं झालं.

कोणी त्यांना एका शब्दाने बोललं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. लोकांनी एकेक करून बोअर मारले. तलावात बेशरमाची झुडपं माजली. तुडूम ज्याला हवं तो उघडू लागला, विचारायला घरी कोणी येईना. मामाजी रोज सकाळी दुपट्टा खांद्यावर टाकून पाळीवर जात आणि तसेच परत येत. हत्तीचं नाव त्यांनी सोडलं. मामीने काही विचारलं तर "पाह्य तूच," एवढंच.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. मी गेले, बसले, परत आले. रडू आलं नाही. सासरी, मुर्रीला येऊन भात टाकला, जेवले. अजूनही त्यांची आठवण आली की आत काही हलत नाही, आणि याचंच मला वाईट वाटतं.

डोळ्यांसमोर येते ती त्याआधीची भेट. माघात, पावसाचं काही काम नसताना, चांगला पाऊस पडून गेला होता. गावात आता दारापर्यंत सिमेंटचा रस्ता आहे. तरी मी चपला हातात घेऊन मुद्दाम शेवटच्या बांधीतून चालत गेले. पाय घोट्यापर्यंत काळे झाले. मामाजी नेहमीसारखे वाकले. त्यांनी बोटं टेकवली, कपाळाला लावली. मी वाट पाहत उभी राहिले. शेवटी न राहवून म्हटलं, "मामाजी, सांगा ना, कोणत्या बांधीतून आली?"

त्यांनी बोटं दुपट्ट्याला पुसली. "चिखल होय, बाई," ते म्हणाले. "न्हाणीत पानी आहे. पाय धुऊन घे."