तुरीचे झुबके

बाहत्तरच्या दुष्काळात मी विहिरीत पडले, तेव्हा पंधरा वर्षांची होते. तळाला उरलेलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायला आम्ही पोरी पायऱ्या उतरून खाली जायचो. त्या दिवशी पाय सटकला आणि डोकं दगडावर आपटलं. पुढचं मला आठवत नाही, मायनं सांगितलं तेवढंच माहीत. लातूरच्या दवाखान्यात मी कितीतरी दिवस बेशुद्ध होते. शुद्धीवर आले तेव्हा डावं अंग माझं ऐकेनासं झालं होतं. डॉक्टर आबांना म्हणाले, "पोरगी वाचली हेच खूप समजा. चालण्याचं काही सांगता येत नाही."

आबा, म्हणजे माझे वडील, कुणाशी वाद घालत नसत आणि कुणाचं लवकर पटवूनही घेत नसत. त्यांनी मान हलवली आणि मला बैलगाडीत कडब्यावर निजवून रेणापूरजवळच्या आमच्या गावी आणलं.

वर्षभर मी भिंत धरून चालले. भिंत संपली की माझं चालणंही संपायचं. बघायला येणाऱ्या बाया माझ्यादेखतच मायला विचारायच्या, "आता जल्मभर हिला कोन उठवील गं?" मलाही दुसरी कसली भीती नव्हती. मरणाची तर नव्हतीच. कुणीतरी उठवावं, कुणीतरी बसवावं, असं जगावं लागेल याची होती. आबांनी बाभळीची काठी तासून आणली, ती मी चुलीत घातली. सोळाव्या वर्षी हातात काठी? डोक्याला मार बसला होता, पण नाकावरचा राग जागच्या जागी होता!

आबांनी दुसरी काठी काही केली नाही. दुष्काळानंतरची पेरणी आली तेव्हा मला शेतात घेऊन गेले आणि म्हणाले, "तुझ्या मायचा हात दुखायलाय. मोघण तू धर."

मोघण म्हणजे बांबूची पोकळ नळी, वर वाटीसारखं लाकडी तोंड. ती तिफणीमागं दोरीनं बांधतात. आबा तिफणीनं ज्वारी पेरत पुढं जायचे आणि मागून एक बाई मोघण उभी धरून तुरीचं बी सोडत चालायची. मी डाव्या हाताची बोटं नळीभोवती आवळली, उजव्यानं ओटीतलं बी घेतलं आणि बैल निघाले. मायचा हात ठणठणीत होता, हे मला दुपारी कळलं. ती बियाण्याचं टोपलं डोक्यावर घेऊन बांधावरून आली, तेही एका हातानं धरून. आबांनी मला काठीच दिली होती, फक्त तिला काम जोडून दिलं होतं. काम म्हटल्यावर ती चुलीत कशी घालणार?

त्या दिवशी मी सात वेळा पडले. दर वेळी ओटीतलं बी तासात, म्हणजे तिफणीनं पाडलेल्या सरीत, सांडलं. मी पडले की आबा बैल थांबवायचे आणि पुढंच बघत उभे राहायचे. मागं वळून बघितलं असतं तर मी रडले असते. माझी मी उठायचे, "हं" म्हणायचे, मग बैल चालायचे. तास संपला की मात्र शेताच्या कडेला, धुऱ्यावर, ते मला थांबवायचे. "वळ. मागं बघ." आमच्याकडं पेरणाऱ्यानं आपला तास वळून बघायचाच असतो. मला ते वळणंच सगळ्यात जड जायचं. डोकं गरगरायचं, डावा पाय मागं राहायचा. पण वळल्याशिवाय दुसरा तास नाही.

आठवड्यानं कोंब वर आले आणि माझं चालणं रस्त्यावरून जाणाऱ्या साऱ्या गावाला दिसलं. कुठं हातभर तूरच नाही, आणि जिथं जिथं मी पडले होते तिथं तुरीचा दाट झुबका. लोक हसायचे. "कुनी पेरलं हो हे?"

"माझ्या लेकीनं," आबा सांगायचे. तेही ताठ मानेनं.

माय झुबके उपटायला निघाली, तर त्यांनी अडवलं. "ऱ्हाऊ दे. फुडल्या साली किती ऱ्हातेत ते बघू."

पुढल्या साली चार राहिले. त्याच्या पुढल्या साली दोन. पाचव्या साली एकच होता, तोही बैल बुजला म्हणून. तो मी माझ्या हिशेबात धरत नाही. त्यानंतर माझ्या तासात एकही झुबका उगवला नाही. डावा पाय मी ओढतच होते, आजही ओढते. पण कुणी धरायला लागत नव्हतं. मधल्या काळात घरी बसून मॅट्रिकही झाले.

मग लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती, आणि मला कारकुनाची जागा मिळाली. आता डॉक्टरांचा दाखला तेवढा राहिला होता. माझा ओढता पाय बघून डॉक्टर म्हणाले, "त्या भिंतीपर्यंत चालून दाखवा."

मी गेले. भिंतीशी पोचले आणि सवयीनं वळून मागची फरशी बघत उभी राहिले. पायाखाली फरशी आहे, शेत नाही, हे मग ध्यानात आलं.

"काय बघताय?"

"तास," मी बोलून गेले.

डॉक्टरांना ते कळलं नसावं. म्हणाले, "मला तुमचं वळणंच बघायचं होतं. डोक्याला मार लागलेली माणसं तिथं पडतात." आणि त्यांनी सही केली. बाहेर आले तेव्हा माझी छाती फुगली होती, आणि का फुगू नये?

त्या वर्षीच्या पेरणीला मी लातुरात होते. मोघण मायनं धरली. पुढं एका रविवारी एसटीनं गावी गेले आणि फाट्यापासून एकटी चालत शेतात पोचले. तुरीचे तास दोरी लावल्यासारखे सरळ उगवले होते. फक्त रस्त्याकडच्या तासात मधोमध एक दाट झुबका होता. आबा तिथंच खुरपत होते.

"आबा, माय पडली का?"

"न्हाई गं. म्याच मूठभर टाकलं तितं."

"कशाला?"

आबा झुबक्यावरून हात फिरवत म्हणाले, "लोक इचारतेत, लेक कुटं हाय. मंग ह्यो झुबका दावतो अन् सांगतो, हितून उठली, अन् चालत लातूरला गेली."