बायकोला सूट शिवला म्हनून

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजे ग्रामसभेला चालत जानं. ती पुढं, मी मागं. तिच्या अंगावर निळा सूट. पँट, कोट, आत पांढरा शर्ट. मीच शिवलेला. मी आळीतला शिंपी, शाळा चौथीपातुर. ती पंचायतीची मेंबर, राखीव जागेवर निवडून आल्याली.

देवळाम्होरं सगळं गाव बसलं व्हतं. बापू मधल्या खुर्चीत. पाटापासनं नदीपातुर ऊस त्यांचाच. तिला बगून त्यांनी हाक मला मारली.

"काय रं, बायकोला सूट शिवलास? मग आता तू लुगडं नेस."

गाव हसलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

ती खुर्चीत बसली. म्हनाली, "बापू, माज्या कापडाचं ऱ्हाऊ द्या. आमच्या आळीत नळ कवा येनार, तेवडं बोला."

हसू थांबलं. बापूंनी नळ सोडून म्होरला इषय घेतला.

तिला सुटाचं सुचलं ते साताऱ्यात. मेंबरांची मीटिंग व्हती. एक मॅडम सुटात आल्या, तशी सगळी मानसं उठून उभी ऱ्हायली. आमची ही लुगड्यात आदीपासनंच उभी. तिला कुनी बस म्हनालं न्हाई. घरी येऊन म्हनाली, "आवं, मला तसला शिवा. आत खिसा पायजे. चंची कमरंला खोचून कटाळले."

बायकांची कापडं मी जन्मभर शिवली. आदी नुसत्या चोळ्या. मग पोलकी, मग ब्लाऊज. पोरी शाळंत जाया लागल्या तवा पंजाबी ड्रेस. आळीतली एक पोरगी पोलिसात लागली, तिची खाकी पँट मी कमरंत बारीक करून दिली, तवा बी लोक गाव बुडालं म्हनले. बुडालं न्हाई. कोट मातर मी नवरदेवाचेच शिवलेले. हिचा बी त्याच कटिंगनं कापला. छातीवर आवळला, कमरंला पिशवीगत झाला. उसवला, परत शिवला. "एवडी वर्सं संसार केला, आन बाईचं अंग तुमाला आत्ता गावलं व्हय?" म्हनून हसली.

सभेवरनं घरी आलो. तिनं चहा टाकला. छातीत कळ आली म्हनाली, भिताडाला टेकली. पाटणला दवाखान्यात न्यायला गाडी येईस्तवर गेली. सूट अंगावरच.

भावकीतल्या बाया जमल्या. नवऱ्याच्या आदी गेली, अहेव गेली, म्हनून हिरवं लुगडं आनलं, हिरवा चुडा आनला. दुपारी बापू आले. जन्मात पयल्यांदा आमच्या दारात. उभ्या उभ्या म्हनाले, "तो सूट काडा आदी. मेल्यावर तरी बाईमानसागत जाऊ दे तिला."

बाया कोटाला हात घालाया लागल्या. मी मदी जाऊन उभा ऱ्हायलो.

"बापू, उसाच्या पाल्यानं हात कापत्यात म्हनून ही लुगड्यावर माजा जुना शर्ट घालून तुमच्या रानात राबली. सगळ्याच बाया तशा राबत्यात. तवा तुमी कवा हसला न्हाई. गड्याचं कापड तुमच्या उसात चालतंय, आन खुर्चीवर चालत न्हाई व्हय?"

"दुःखात हायस. भान ठेव जरा."

"भान हाय म्हनूनच बोलतोय. सूट ऱ्हानार. हिरवं वरनं पांघरा."

माजी भावजय सकाळी सभंत लय हसली व्हती. तिनंच वाकून कोटाचं सुटल्यालं बटन लावलं. बाकीच्यांनी चुडा भरला, मळवट भरला. सुटातच तिला नदीवर नेली. बापूंच्या घरचं कुनी आलं न्हाई. आमाला त्यांची गरज बी लागली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. बापूंच्या नातवाच्या लग्नाच्या सुटाचं कापड माज्याकडं पडलं व्हतं. भारी कापड, आजून कात्री लागली नव्हती. सुतकात कुनाच्या घरात जायाचं नसतं. मी गेलो. जन्मभर त्यांच्या घरची मापं मी मागच्या दारात उभा ऱ्हाऊन घेतली. त्या दिवशी पुढच्या दारानं शिरलो आन गठडं बैठकीत ठेवलं.

बापू म्हनाले, "सुतकात आलास?"

मी म्हनालो, "ज्याला आमची बाई सुटात बगवत न्हाई, त्याच्या घरात माज्या हातचा सूट यायचा न्हाई. दुसरा शिंपी बगा."

आन मागं फिरलो. पुढच्याच दारानं.