उमेदवारीचं वर्ष आणि आमची म्हैस

कारखान्याच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी मी चपला दाराबाहेर काढून आत गेले. महाडच्या ज्या संस्थेत मी प्रयोगशाळा सहायकाचं शिक्षण घेतलं, तिथे तोच नियम होता. घरीही तसंच. आतल्या साहेबांनी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "अहो, इथे फरशीवर ॲसिड सांडतं." बाकीचे हसले. मग माझ्यासाठी बूट मागवले, तर स्टोअरमध्ये सगळे पुरुषांच्या मापाचे. टाचेत चिंध्या कोंबून मी ते वर्षभर घातले. चालताना ते खाडखाड वाजायचे. मी येते आहे हे सगळ्यांना लांबून कळायचं आणि आतलं बोलणं थांबायचं.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. संस्थेचा आणि कारखान्याचा करार तेव्हा नवा होता. पास झालेली मुलं संस्थेनं पाठवायची, कारखान्यानं त्यांना वर्षभर शिकाऊ उमेदवार म्हणून ठेवायचं आणि काम पटलं तर एखाद्याला कायम करायचं. एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात अशी गेलेली पहिली मुलगी मी. संस्थेतल्या आमच्या सरांना त्याचा फार अभिमान होता. मलाही होता, पहिला आठवडाभर.

काम मला आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू. प्लांटमधून बाटल्यांत नमुने यायचे, त्यांतलं आम्लाचं प्रमाण काढायचं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत राहायचं आणि रंग पालटला की तिथेच थांबायचं. एक थेंब जास्त पडला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. माझी उत्तरं सहसा चुकत नसत. पण उत्तर बरोबर आलं हे कुणाला सांगावं, असं माणूस तिथे नव्हतं.

बाकीचे आळीपाळीनं रात्रपाळी करायचे. मुलींना रात्रपाळी नव्हती आणि बाकीच्यांची दोस्ती नेमकी तिथेच जमलेली. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, सगळं रात्रीच्या चहावर कळायचं. सकाळी मी पोचायची तेव्हा विनोद संपलेला असायचा, नुसतं हसू उरलेलं. जेवणाच्या सुट्टीत ते कँटीनला जात. मला कुणी येऊ नको म्हटलं नाही आणि चल असंही म्हटलं नाही. मी डबा घेऊन खिडकीपाशी बसायची. माणसं वाईट नव्हती. एका मुलीशी काय बोलायचं हे त्यांना कळत नव्हतं आणि बोलणं सुरू कसं करायचं हे मला.

दर महिन्याला सर चौकशीला यायचे. मला केबिनमध्ये बोलावणं यायचं. साहेब समोर बसलेले असताना सर विचारायचे, "काही अडचण नाही ना?" असं विचारल्यावर माणूस काय सांगणार? मी मान हलवायची. दिवसभर कुणी एक शब्द बोलत नाही, ही काय अडचण म्हणून सांगायची गोष्ट आहे? चहा पिऊन सर खुशीत परत जायचे. मला त्यांचा रागच यायचा.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. सुट्टीच्या दिवशी महाडहून एसटीनं पोलादपूर, तिथून दुसरी एसटी पायथ्यापर्यंत आणि मग चढण. अंगाला कारखान्याचा उग्र वास इतका बसलेला, की गाडीत माझ्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरायची. घरी पोचेपर्यंत दुपार व्हायची आणि परतीची शेवटची गाडी म्हशीच्या संध्याकाळच्या धारेच्या आधीच सुटायची. ती धार चुकते, याचं मला फार वाईट वाटायचं.

मी कारखान्यात लागले तेव्हा आमची म्हैस नुकतीच व्याली होती; संस्थेत शिकत होते तेव्हा ती आटलेली होती. तिची धार शाळेत असल्यापासून मीच काढायची. दुसऱ्या कुणाचा हात लागला की ती दूध चोरायची, कासेतच धरून ठेवायची. म्हणून प्रत्येक वेळी मी आईला विचारायची, "आये, देते का ती?"

आई म्हणायची, "देते थोडं. चोरते. तुझी वाट बघते गो."

त्या एवढ्याशा बोलण्यावर मी पुढचा आठवडा काढायची. कुणाचं तरी आपल्यावाचून अडतंय, मग ती म्हैस का असेना.

वर्ष सरत आलं तेव्हा साहेबांनी बोलावून सांगितलं, "काम चांगलं आहे तुमचं. तुम्हाला कायम करायचा विचार आहे. घरी विचारून सांगा." दुसरी कुणी असती तर पेढे घेऊन गेली असती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. अशीच अख्खी नोकरी काढायची? नाही म्हणायचं आणि घरी परत जायचं, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

दोन दिवसांची रजा घेऊन घरी गेले. आईला कसं सांगायचं हे चढणभर मनात घोळवत होते. संध्याकाळी वास जावा म्हणून अंघोळ केली, जुना ड्रेस घातला, चरवी घेतली आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या कुशीशी बसले. तिनं मला हुंगलं आणि अंग चोरून बाजूला सरकली. रेडकू लावून पाहिलं, गोंजारलं, नेहमीच्या नावानं हाका मारल्या. ती पान्हवली नाही.

आई आली. "सर बाजूला," म्हणाली आणि माझ्या जागी बसली. बघता बघता चरवीत धार वाजायला लागली.

"पयल्यांदा तुझी वढनी डोक्यावर घेऊन बसायची मी," आई म्हणाली. "तुझ्या वासावर ती द्यायची. मंग हळूहळू वढनी सोडली. आता माझ्या हाताला देते."

"मग वाट बघते म्हणायचीस ते?"

"तुला बरं वाटावं म्हनून." तिचे हात थांबले नव्हते. "तिची सवय मोडावी लागली गो. तू काय आता कायमची येनार हायस?"

तिनं ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. अगदी साधं विचारलं होतं. हो, येणार आहे, तेच सांगायला आलेय, एवढं म्हणायचा अवकाश होता. पण तिथे बसायची माझी जागा आता तिची होती आणि तिचं तिथे नीट चाललं होतं. इतकं एकटं मला कारखान्यात कधी वाटलं नव्हतं.

"नाय," मी म्हणाले.

महाडला परत आल्यावर साहेबांनी विचारलं, "काय म्हणाले घरचे?"

"माझ्यावाचून अडत नाही म्हणाले."

"अरे वा," साहेब म्हणाले, "मग तर छानच."