दादाचा खडू लावलेला कुर्ता

आमचा दादा सरपंचपदाची निवडणूक हरला, ती लॅटिन भाषेमुळे.

मी अहमदपूरला कॉलेजात इंग्रजी शिकवतो. कुठलाही इंग्रजी शब्द कानावर पडला, की त्याचं मूळ सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. (वर्गातली मुलं पळून जातात, घरच्यांना ती सोय नाही.) दादा याआधी दोनदा पडला होता, आणि यंदा शेवटचं, असं वहिनींनी बजावलं होतं. म्हणून मी सुट्टी काढून मदतीला शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावी गेलो, आणि जेवतानाच सुरू झालो.

"दादा, कँडिडेट शब्द लॅटिनमधल्या 'पांढराशुभ्र' या शब्दापासून आला. रोममधे उमेदवार कपड्यांना खडू चोळून मतं मागायला निघायचे."

"मग निवडून येत होते का?"

"कुणीतरी येतच असेल की."

बोअरच्या पाण्यानं दादाचे सगळे कुर्ते पिवळे पडले होते. त्याला रोमन उपाय पटला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, लई शिकलं की असं होतंय व्हय?" पण तोवर मी खडू कुटायला घेतले होते.

कुर्ता असा झळकला की समोरून येणारी म्हैस थबकली! दादाची प्रचाराची रीत एकच, दिसेल त्याला कडकडून मिठी. दिवसभर त्यानं अख्खं गाव छातीशी धरलं. जो तो कानात म्हणाला, "मत तुमालाच."

मतदानापर्यंत रोज संध्याकाळी विरोधी उमेदवार बालाजीरावांच्या शेतात मटणाचं जेवण होतं. दोघांनाही शब्द द्यायचा आणि दोन्हीकडे जेवायचं, ही आमच्या गावची जुनी पद्धत. त्यात कुणाला वावगं वाटत नाही, फक्त ते दिसू द्यायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक आपणहून आमच्या दारात येऊ लागले. "दादा, जरा मिठी मारा." दादाचे डोळे भरून आले. कुर्त्यावरचा खडू संपत होता आणि मी ओसरीवर बसून नवा कुटत होतो. मलाही विजय दिसायला लागला होता.

मग शेजारचे किशनमामा आले. "जरा दाबून धरा. काल नीट उमटलं न्हाई, साध्या पंगतीत बसावं लागलं."

"कसली पंगत?" दादानं विचारलं.

"पांढऱ्या छातीवाल्यांची येगळी हाय न्हवं. तुमची फुटायला आलेली माणसं म्हणून बालाजीराव सोता नळी वाढायलेत."

कँडिड, म्हणजे मनमोकळा, हा शब्दही त्याच पांढऱ्यातून निघालाय. हे दादाला सांगावंसं फार वाटलं, पण तो खाली बसला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. खूप वाईट वाटलं. कुर्ता लगेच धुतला, पण कुणाकुणाला वळवायचं ते बालाजीरावांना आम्हीच दाखवून दिलं होतं.

निकालाच्या दिवशी गुलालानं माखलेले बालाजीराव थेट आमच्या दारात आले आणि मलाच मिठी मारली. "सर, तुमच्यामुळं झालं. जेवायला या."

वहिनींनी माझ्या लाल झालेल्या शर्टाकडे पाहिलं. "भावजी, आता तिकडंच जेवा. आमच्याकडं आज चूल न्हाई."

मी गेलो. नळी खरंच चांगली होती.